ठाण्यातला गूढ शब्दकोड्यांचा क्लास: नुसतं उत्तर चालत नाही, फोड सांगावी लागते

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ गूढ शब्दकोड्यांचा क्लास चालतो, म्हणजे इंग्रजीत ज्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात ते. इंग्रजी आणि मराठी दोन्ही. क्लासला नाव नाही, बाहेर पाटी नाही, बँकेतून रिटायर झालेले काका इंग्रजी घेतात आणि शाळेत मराठी शिकवलेल्या काकू मराठी घेतात, जागा त्यांच्याच घराची. फी महिन्याला ५०० रुपये. मी बरेच महिने जातेय आणि ऑफिसमधले, बिल्डिंगमधले सगळे सारखे विचारतात की तिथे नक्की करतात काय आणि पैसे देण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पैसे देण्यासारखं आहे. आणि त्याचं एकच कारण आहे, इथे उत्तर बरोबर आलं म्हणून कुणी शाबासकी देत नाही. फोड सांगावी लागते. क्लूमधला प्रत्येक शब्द काय काम करतोय ते तोंडाने सगळ्यांसमोर सांगायचं, आणि एक जरी शब्द बिनकामाचा उरला तर काका म्हणतात "उत्तर आलंय तुला, क्लू सुटलेला नाही". पहिले काही शनिवार हे जाचक वाटतं, खरंच. नंतर कळतं की सगळी मजा तिथेच आहे.

ज्यांनी गूढ कोडं कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पेपरात येतं त्या साध्या शब्दकोड्यात "चिंता (३)" असं दिलेलं असतं, कंसात अक्षरं किती ते, तुम्ही काळजी लिहिता, विषय संपला. गूढ कोड्यात क्लूचे दोन भाग असतात, एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात तोच शब्द तयार करायची युक्ती, आणि दोन्ही मिळून एक असं वाक्य की वाचणारा भलत्याच दिशेला जावा. काकूंनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेला क्लू असा होता:

"सकाळ जीव घेते, आत दडलेली चिंता (३)"

सगळे लोकलच्या गर्दीवर बोलायला लागले, कारण वाक्य तसंच आहे ना, ८ वाजता स्टेशनवर उभं राहिलेल्या कुणालाही ते पटणारच. काकू शांतपणे म्हणाल्या, गर्दी विसरा, अक्षरं बघा. "सकाळ जीव" हे दोन शब्द चिकटून वाचले तर पोटात "काळजी" बसलेली आहे, स नंतर आणि व च्या आधी. "घेते, आत दडलेली" हा इशारा, "चिंता" हा अर्थ. एक आजोबा मागे बसले होते ते मोठ्याने "अहाहा" म्हणाले आणि तो आवाज मला अजून दर शनिवारी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकू येतो.

मला सगळ्यात आवडलेला मात्र हा: "भाजी घ्यायची? बारमध्ये जा (३)". इथे फोड कशी सांगतात ते बघा. आठवीतला एक मुलगा येतो, त्याने उत्तर पटकन दिलं, बाजार. काकू म्हणाल्या, "बरं बाळा, पण का?" तो म्हणाला भाजी बाजारात मिळते म्हणून. "तो झाला अर्धा क्लू, उरलेला अर्धा?" मग तो थांबला, ओठ हलवत बसला, आणि मग त्याला दिसलं की "बार" च्या मधोमध "जा" घातलं की बा-जा-र, क्लू सरळ सरळ तेच सांगतोय, बारमध्ये जा! पत्त्यासारखं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि आपण वाचत होतो दारूचं दुकान. असा क्लू कुठल्याही भाषेतल्या चांगल्या क्लूच्या शेजारी बसवा, कमी पडणार नाही असं माझं ठाम मत आहे.

इशारे ओळखणं हे निम्मं काम. काकूंची शिकवायची पद्धत अशी की त्या याद्या पाठ करायला देत नाहीत, रोजच्या बोलण्यातले शब्द पकडायला लावतात. पोटात, घशात, कुशीत, गिळलं असं काही आलं की एक शब्द दुसऱ्याच्या आत. उलट, माघारी, परत फिरला आलं की मागून पुढे वाचा. विस्कटून, घोळ घातला, वेडंवाकडं, झिंगलेला आलं की अक्षरांची अदलाबदल. शेंडी कापली म्हणजे पहिलं अक्षर गेलं, लंगडा झाला म्हणजे शेवटचं गेलं. आणि बिनडोक! त्या एका शब्दावरचा क्लू आमच्या क्लासमध्ये जुना झालाय तरी नवीन माणूस आला की देतातच, "बिनडोक आमदार, सगळी भिस्त (३)". आमदारचं डोकं काढा, म्हणजे आ काढा, उरतं मदार, आणि मदार म्हणजे भिस्त. ह्याची फोड सांगताना माणूस आपोआप हसतो.

अर्थाच्या दोन टोकांवर चालणारे क्लू वेगळे, त्यात मोडतोड काहीच नसते, फक्त एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात. "सांगा, ठाण्यापुढचं स्टेशन (३)" म्हणजे कळवा. वाक्य इतकं सरळ आहे की त्यात कोडं आहे हेच लक्षात येत नाही, "सांगा" हाही कळवा आणि कल्याणकडे जाताना पुढचं स्टेशनही कळवा. आणि ह्या जातीतला राजा म्हणजे "थोडंसं म्हातारपण (२)". उत्तर जरा. थोडंसं म्हणजे जरा, आणि म्हातारपण म्हणजेही जरा, जराजर्जर मधली. बोलताना दोन्हीतला ज वेगळा, एक जगातला आणि एक जिवातला, पण लिहिताना एकच. काकू म्हणतात इंग्रजीत उच्चार सारखे नि स्पेलिंग वेगळं असे शब्द ढिगाने मिळतात म्हणून तिकडे "ऐकलं तर" असे क्लू जोरात चालतात, मराठी आपण बऱ्यापैकी बोलतो तशी लिहितो त्यामुळे ते दिन आणि दीन सारख्या ऱ्हस्व-दीर्घापुरतेच राहतात, पण च, ज, झ हे आपल्याला उलटं भांडवल देतात, लिहायला एक आणि बोलायला दोन. हे मला शाळेत कुणी असं दाखवलं असतं तर व्याकरणाचा तास मी वेगळ्या डोळ्यांनी बघितला असता.

काकांचा इंग्रजीचा तास हा वेगळा माहोल असतो. पहिला अर्धा तास फोड, मग थोडा इतिहास, मग परत फोड. इतिहास ते फार जीव लावून सांगतात. पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आलं, आर्थर विन यांनी केलेलं, पण ते साधं, अर्थ द्या शब्द लिहा टाइप. गूढ प्रकार इंग्लंडात वाढला. आपल्याकडे द हिंदूसाठी कोडी करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत ॲडमिरल रामदास कटारी होते, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख, हे ऐकून मी थक्कच झाले. ज्या माणसाने आख्खं नौदल सांभाळलं तो निवृत्तीनंतर टेबलावर बसून आडवे-उभे शब्द जुळवत होता, किती छान.

आणि काकांच्या फळ्यावर कोपऱ्यात एक वाक्य कायम असतं, पुसायची कुणाला परवानगी नाही. ए. एफ. रिची नावाचे एक गृहस्थ ॲफ्रिट या टोपणनावाने कोडी करायचे, त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला नियम, काकांच्या मराठीत: बोललास त्यातून भलताच अर्थ निघाला तरी चालेल, पण मनात आहे ते शब्दांत आलंच पाहिजे. म्हणजे फसवा, खुशाल फसवा, पण खोटं बोलू नका. "भाजी घ्यायची? बारमध्ये जा" मध्ये एकही शब्द खोटा नाही. क्लासमध्ये वाद झाला की शेवटी बोट त्या कोपऱ्याकडे जातं.

ॲराउकारियाची गोष्ट त्यांनी एकदा सांगितली तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं. ॲराउकारिया हे टोपणनाव, माणूस म्हणजे इंग्लंडच्या गार्डियन पेपरात अनेक दशकं कोडी करणारे जॉन ग्रॅहम, जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं वाचकांना कळवलं ते कोड्यातूनच, आजाराचं नाव, अवयव, उपचार हे सगळे शब्द रकान्यांत भरायला ठेवून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. म्हणजे क्लू सोडवणाऱ्यालाच ती बातमी पहिली कळली. काका म्हणाले कोडं करणारा आणि सोडवणारा यांच्यात बोलणं चालू असतं बाबांनो, आपल्याला वाटतं तो फक्त खेळ आहे.

इंग्रजीतला नवख्यांना चटकन कळणारा क्लू म्हणून ते जुना प्रसिद्ध एक देतात, "एच आय जे के एल एम एन ओ (५)". नुसती अक्षरं. उत्तर वॉटर, कारण अक्षरं एच पासून ओ पर्यंत, इंग्रजीत "एच टू ओ", म्हणजे शाळेतलं पाण्याचं सूत्र! माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू केमिस्ट्री शिकवायच्या, त्यांना हे आधी सुटलं आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता मराठीतल्या अडचणींबद्दल, कारण क्लासचं खरं वेगळेपण इथे आहे आणि हे मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळालेलं नाही. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर, संपलं. मराठीत एका चौकोनात आख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. त्यामुळे दोन गोष्टी होतात. सोडवणाऱ्याला फायदा, कारण एक आडवा शब्द सुटला की उभ्याला मिळणारं अक्षर "टी" किंवा "ळा" असं भरगच्च माहिती घेऊन येतं, इंग्रजीत नुसत्या ई किंवा एस वरून काय कळणार. पण जाळं बनवणाऱ्याचे हाल, आडव्यात "की" आहे तर उभ्यातही "की" च हवी, "कि" चालणार नाही, "का" चालणार नाही. म्हणून इंग्रजीत १५ बाय १५ चं जाळं नेहमीचं, आमच्याकडे काकू ९ बाय ९ वर थांबतात, आणि मला ते बरोबर वाटतं, ओढूनताणून आणलेले शब्द भरण्यापेक्षा लहान आणि नेटकं बरं.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. "तवा" घ्या. उलटा केला की वा-त, वात, म्हणून "तवा उलटा केला, समईत लागते (२)" हा क्लू छान जमतो. पण तेच "तव्याला उलटं करा" लिहिलं की तवा राहिलाच नाही, तव्या झाला, आणि तव्याला उलटवून वात येत नाही. "नदी उलटी वाहिली की गरीब (२)", न-दी, दी-न, दीन, इथे नदी जशीच्या तशी आहे म्हणून क्लू चोख. बार सारख्या शब्दाला मध्ये लावलं तरी तो जागचा हलत नाही म्हणून बाजारवाला क्लू इतका बसला. मग येतो मधला प्रकार, "टवाळाचं तोंड नाकात खुपसलं की गडकरीला दिसतं (३)". टवाळाचं तोंड म्हणजे ट, तो "नाक" च्या आत घातला की ना-ट-क, आणि गडकरी रंगायतनला नाटकच दिसतं. पण "नाकात" मधून "नाक" सोडवून घेणं हे प्रामाणिक आहे का? काका म्हणतात नाही, काकू म्हणतात मराठी वाचणारा प्रत्यय आपोआप सोडवतो, त्याला ते जमलंच पाहिजे. ह्यावर दोघांचं क्लाससमोर जे होतं ते ऐकायला मी जास्तीची फी देईन. "अहो, तुमच्या इंग्रजीला विभक्ती नाही म्हणून तुम्हाला सोपं आहे," असं काकू म्हणाल्या की काका फळ्याकडे बोट दाखवतात आणि काकू म्हणतात "तेच, मनातलं शब्दांत आलंय ना?" मी काकूंच्या बाजूने आहे. प्रत्यय सोडवणं हाच मराठी क्लूचा एक खेळ असू शकतो, फक्त तव्याला सारखं मूळ रूप मोडता कामा नये.

महिन्यातून एक शनिवार आपण स्वतः क्लू करून न्यायचे असतात. हा दिवस चुकवू नका. आठवीतल्या मुलाने आणलेला क्लू होता "सगळीकडे पोस्टर लावत फिरले मासुंदा, उपवन वगैरे (३)". कल्पना सुंदर, "लावत" ची अक्षरं फिरवली, शेवटचा त पुढे आणला, की तलाव, आणि मासुंदा, उपवन ही तलावांचीच नावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी विचारलं, "सगळीकडे काय काम करतंय? पोस्टर काय काम करतंय?" काही नाही. मग त्या पोराने तिथेच उभ्या उभ्या दोन्ही शब्द खोडले आणि लिहिलं "लावत फिरलं की मासुंदा, उपवन वगैरे (३)". एकही शब्द जादा नाही. एवढ्याशा दुरुस्तीने क्लू कसा उजळतो ते डोळ्यासमोर बघायला मिळतं, आणि एकदा बघितलं की दुसऱ्यांच्या क्लूमधलं पाणी लगेच दिसायला लागतं.

आता ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्या.

बॅच मिसळलेली आहे, नवीन आणि मुरलेले एकत्र, त्यामुळे पुढच्या रांगेतले तीन-चार जण क्लू वाचून व्हायच्या आत उत्तर बोलून मोकळे होतात आणि नवीन माणूस तोंडाकडे बघत राहतो. काका एका मिनिटाचा नियम करतात पण तो पंधरा मिनिटं टिकतो. नवीन लोकांना वेगळा अर्धा तास आधी बोलवावं असं मी सुचवलं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तोच प्रकार, सकाळी क्लू पडतो आणि ऐरोलीला पोचेपर्यंत उत्तर आलेलं असतं, ज्यांना स्वतः सोडवायचं आहे त्यांनी ग्रुप म्यूट करून संध्याकाळी उघडावा. पार्किंग विसरा, गोखले रोडला शनिवारी संध्याकाळी गाडी आणायचा विचारही करू नका, स्टेशनवरून पश्चिमेला उतरून चालत या, नवी मुंबईवाल्यांना ट्रान्सहार्बरने सरळ ठाणे. जिना चढावा लागतो, लिफ्ट नाही, गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी विचार करावा. मध्ये चहा असतो, चांगला असतो.

कुणासाठी आहे? ज्यांना मराठी किंवा इंग्रजी यापैकी एक तरी भाषा मनापासून आवडते त्यांच्यासाठी. शब्दसंग्रह प्रचंड लागतो हा गैरसमज आहे, वर दिलेल्या क्लूंमधला एकही उत्तराचा शब्द अवघड नाही, काळजी, बाजार, तलाव, नाटक, सगळे घरातले. लागतो तो धीर आणि वाक्याकडे संशयाने बघायची सवय. फक्त इंग्रजी करायचं असेल आणि शनिवार मोकळा नसेल तर घरबसल्याही सोय आहे, गार्डियनने २०२४ पासून नवख्यांसाठी शनिवारी क्विक क्रिप्टिक सुरू केलंय, त्यात ठरावीकच प्रकारचे क्लू असतात आणि ते कुठले हे आधीच सांगितलेलं असतं, फुकट आहे, जरूर करा. पण तिथे तुम्हाला कुणी "का?" असं विचारणार नाही. आणि मराठीसाठी तर असं काही बसून शिकवणारं माणूस मला ठाणे काय, नवी मुंबईतही सापडलं नाही.

स्पर्धेची तयारी किंवा झटपट वेग वाढवणं हे डोक्यात असेल तर इथे येऊ नका, निराश व्हाल. दोन तासांत कधी कधी सहाच क्लू होतात.

शेवटची तक्रार आणि ती माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. दर आठवड्याला घरी सोडवायला जी झेरॉक्स मिळते तिच्या मागच्या बाजूला फक्त उत्तरं छापलेली असतात. नुसती उत्तरं! जो क्लास नुसतं उत्तर घेत नाही त्याने नुसतं उत्तर द्यायचं हे बरोबर नाही, एखाद्या शनिवारी कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, तर त्याला "मदार" दिसते पण आमदाराचं डोकं कुठे गेलं ते कळत नाही, आणि पुढच्या शनिवारी मागचं विचारायला वेळ नसतो. काका, काकू, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे, प्रत्येक उत्तरापुढे एक ओळ फोड छापा, कागद वाढला तर झेरॉक्सचे पैसे आम्ही वर्गणी काढून देऊ, टाइप करायला मी आणि तो आठवीतला मुलगा दोघेही तयार आहोत, त्याला मी विचारून ठेवलंय.